गर्दीत महाराज पुष्कळ, खलाशी एकही नाही : शिवकाळातल्या कोकणी दर्यावर्दीचा वेश घरच्या घरी

पहिल्या वर्षी मी शिवजयंतीच्या मिरवणुकीत सरदार झालो होतो. भाड्याचा ड्रेस, मरून वेलवेट, सोनेरी लेस आणि पाठीला चक्क चेन. फेब्रुवारीत मालवणात सकाळी अकराला काय ऊन असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, भरडावरून बंदराकडे जाईपर्यंत वेलवेट अंगाला चिकटलं, चेन अर्ध्यात फाटली आणि कपाळावरचं गंध नाकावर आलं. वर आत्येन् बघून काय म्हणावं, "अरे ह्यां काय घातलंस, दशावतारातलो राजा वाटतंस!"

तिचं बरोबर होतं. दशावताराला मी नावं ठेवत नाहीये, उलट अंगावर एवढं ओझं घेऊन रात्रभर नाचणं येरागबाळ्याचं काम नाही, पण तो वेश रात्री, दिव्यात, लांबून बघायचा असतो. आपण दिवसाढवळ्या रस्त्याने चालतो, लोक हातभर अंतरावर असतात, पोरं कापड ओढून बघतात. तिथे चकाकी कामाची नाही, कापड आणि शिलाई खरी लागते.

दुसरी गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली. त्या मिरवणुकीत महाराज सात का आठ होते, सरदार तर मोजलेच नाहीत, आणि समोर पाण्यात उभा सिंधुदुर्ग, ज्याचं काम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं, त्या किल्ल्याच्या आणि आरमाराच्या जिवावर जगलेला एकही साधा खलाशी नाही. आरमार चालवलं कोणी? कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, आणि मुसलमान दर्यावर्दीसुद्धा. दौलतखान आणि मायनाक भंडारी ही आरमारातली नावं आपण घेतो, 1679 मध्ये खांदेरी बेटावर मायनाक भंडारी उतरला हेही भाषणात सांगतो, पण वल्ही मारणारा माणूस कसा दिसत असेल ह्याचा विचार कोणी करत नाही. म्हणून सांगतो, पहिलाच वेश करताय तर सरदार होऊ नका, खलाशी व्हा. खर्च कमी, उन्हात सुसह्य, आणि चुकायला जागा कमी. सरदाराच्या वेशात दहा वस्तू असतात आणि दहाही महाग, खलाशाला बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा), पंचा, मुंडासं आणि शेला, झालं.

आधी काय काढून टाकायचं ते

शिवायच्या आधी यादी उलटी करा. पुणेरी पगडी नको, ती नंतरच्या काळातली, मावळ्याच्या डोक्यावर ती बघितली की मला पोटात कसंतरी होतं. झगझगीत राणी कलर, जांभळा, पोपटी असले रंग नको कारण कृत्रिम रंग निघाला तोच 1856 मध्ये, त्याआधी सगळं झाडपाला, मुळं, साली आणि माती. सेफ्टी पिन 1849 ची, शिलाई मशीनही त्याच सुमाराची, चेन आणि वेल्क्रो तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले. म्हणजे मशीन वापरूच नका असं नाही हो, आतल्या शिलाया मशीनवर मारा, कोण बघतंय, पण गळा, बाहीची कड आणि खालची दुमड हाताने घाला कारण तेवढंच दिसतं. पिन मात्र एकही नको, आणि लागतही नाही, तो वेश मुळात गाठींवरच उभा असतो.

संदर्भ बघायचे तर 17व्या शतकातली चित्रं बघा. महाराजांची त्या काळच्या जवळची चित्रं ब्रिटिश म्युझियम आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत, ऑनलाइन दिसतात. त्यात जामा, म्हणजे लांब अंगरखा, किती पातळ कापडाचा आहे ते बघा, कमरेचा पटका बघा, डोक्यावर गुंडाळलेलं पागोटं बघा, आपल्याकडे बाजारात मिळणारा पुठ्ठ्याचा टोप आणि ते पागोटं ह्यात किती फरक आहे ते लगेच कळतं. सिंधुदुर्गावरच्या शिवराजेश्वर मंदिरातली मूर्तीही नीट बघा, दाढी नसलेली, नेहमीच्या चित्रांपेक्षा वेगळी. साध्या माणसाची चित्रं मात्र फारशी कोणी काढली नाहीत. त्याच्यासाठी जुने कोळी, गाबीत, कुणबी काय नेसायचे ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. समुद्रावर काम करणाऱ्याचे कपडे फार हळू बदलतात. बोरिवलीजवळच्या एकसरला वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मरणशिळांवर, जहाजांची लढाई कोरलेली आहे, तीही बघण्यासारखी, पण ती शिवकाळाच्या कित्येक शतकं आधीची, त्यावरून शिवकाळाचा कपडा शिवू नका.

कापड

मांजरपाट घ्या. ब्लीच न केलेला, जरा खरखरीत, पिवळसर. दुकानदार पॉलिस्टर मिक्स गळ्यात मारायला बघेल तर एक धागा काढून दुकानाबाहेर काडीने जाळून बघा, सुती धाग्याची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून गोळी होते. खादी मिळाली तर उत्तम, पण खिशाला परवडेल ते. पांढराशुभ्र नको, नवा पांढरा कपडा उन्हात फोटोत डोळ्यावर येतो आणि लग्नाला आल्यासारखा दिसतो.

किती लागेल? 36 इंची पन्हा (कापडाची रुंदी) धरला तर 40 छातीच्या माणसाला बाराबंदीसाठी अडीच मीटर, कमरेच्या शेल्याला 3 मीटर पण अर्ध्या पन्ह्याचा, मुंडाशाला 3 मीटर, तेही अर्ध्या पन्ह्याचं, म्हणजे तीनच मीटर घेऊन उभं फाडलंत की शेला आणि मुंडासं दोन्ही निघतात. खाली नेसायला बाजारातला साधा सुती पंचा, किनार बारीक असलेला. कापायच्या आधी सगळं धुवा. हे विसरलात तर पहिल्या धुलाईत बाराबंदी पोराची होते, मांजरपाट आटतोच.

रंग : काताचा

न रंगवता चालेल, पण रंगवलंत तर वेशात जीव येतो. कात हा आपल्या मातीतला रंग, खैराच्या लाकडाचा काढा आटवून करतात, कातकरी हे नावच त्यावरून आलं. पूर्वी सुती जाळी कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात बुडवायचे, तो जो तपकिरी रंग यायचा तसाच हा. बाराबंदी आणि पंचा मिळून अर्धा किलोच्या आसपास कापड होतं, त्याचा हिशोब देतो.

पहिल्या दिवशी कापडाची खळ काढायची. मोठ्या टोपात पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, आणि तासभर उकळायचं, पाणी चहासारखं पिवळं होतं ती खळ आणि मळ. स्वच्छ धुवा. मग 75 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड बुडेल एवढं पाणी करा आणि रात्रभर ठेवा. त्याच रात्री दुसऱ्या भांड्यात 100 ग्रॅम कात कुटून गरम पाण्यात भिजत घाला. पानाच्या टपरीवरचा कात घेऊ नका, महाग पडतो आणि त्यात काय काय असतं देव जाणे, आयुर्वेदिक वस्तूंच्या दुकानात खडे मिळतात.

दुसऱ्या दिवशी काताचं पाणी फडक्यातून गाळा, गाळलं नाही तर कपड्यावर डाग डाग येतात (माझ्या पहिल्या पंच्याला चित्त्यासारखे ठिपके आले होते, मी ते मुद्दाम केलंय असं सांगून वेळ मारून नेली). चुलीवर मंद आचेवर ठेवा, कापड पिळून मोकळं करून सोडा आणि तासभर काठीने हलवत राहा. हलवत राहा म्हणजे खरंच हलवत राहा, मोबाइल बघत बसू नका, जिथे घडी राहते तिथे पट्टा उमटतो. मग आच बंद, तसंच रात्रभर. सकाळी सावलीत वाळवा, वाळल्यावर साध्या पाण्यात धुवा. मातकट तपकिरी रंग येतो, दुसऱ्यांदा बुडवलंत तर गडद. काळपट हवा असेल तर त्याच पाण्यात गंजलेले खिळे पुरचुंडीत बांधून टाका, लोखंड लागलं की रंग मळतो. ह्याच कारणाने ज्यांच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे त्यांचा रंग आपोआप करडा येतो, घाबरू नका. भांडं स्वयंपाकाचं वापरू नका, नाहीतर घरातलं ऐकून घ्यावं लागेल.

हळदीत रंगवायचा मोह होतो कारण सोपं आहे. एक तर उन्हात उडून जातो, आणि साबण लागला की लाल होतो, हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार. शेल्याला निळा रंग हवा असेल तर नीळ म्हणजे खरी नीळ, ती घरी करणं कटकटीचं आहे, सरळ निळीत रंगवलेलं हातमागाचं कापड विकत घ्या.

बाराबंदी

नावातच सगळं आहे, बारा बंद, म्हणजे सहा जोड्या. शिंप्याकडे गेलात तर तो कुर्त्याला नाड्या लावून देईल, म्हणून स्वतः कापा, सगळे तुकडे चौकोनी आहेत, पहिल्यांदा कात्री धरणाऱ्यालाही जमतं.

कापडाची 36 इंची रुंदी आडवी धरा. वरून 32 इंच उंचीचा पट्टा कापा, त्यातून 22 इंच रुंद पाठ काढा, उरतो तो 14 इंची तुकडा बाजूला ठेवा, तो सोन्यासारखा आहे. पुढचा 32 इंचांचा पट्टा मधोमध कापला की 18-18 इंचांचे दोन पुढे, म्हणजे छातीवरचे दोन भाग. त्याच्यापुढचा 22 इंचांचा पट्टा मधोमध कापला की दोन बाह्या. बाजूला ठेवलेल्या 14 इंची तुकड्यातून दीड इंच रुंदीच्या बारा पट्ट्या, ते बंद, आणि 5 बाय 5 चे दोन चौकोन, ते बगलेत लावायचे चौबगले. काहीही वाया जात नाही. तेव्हा कापड हातमागावर विणलेलं असायचं, कापायला लोकांचा जीव व्हायचा नाही, म्हणून असे चौकोनी तुकडे.

आता गळा. पाठीच्या वरच्या कडेचा मध्य काढा, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडून खूण करा, मधे इंचभर खोल गोलाई. दोन्ही पुढे पाठीच्या तुकड्यावर ठेवून बाजूच्या कडा जुळवा, खांद्याच्या त्या खुणेपासून पुढ्याच्या मोकळ्या कडेकडे साधारण 12 इंच खाली तिरकी रेघ मारा आणि कापा. दोन्ही पुढे एकमेकांवर सहा-सात इंच चढले पाहिजेत, तसं होत नसेल तर कापू नका, पुन्हा मोजा.

शिवायचा क्रम असा: आधी खांदे, मग बाह्या सपाट असतानाच जोडा, मग बगलेत चौबगला, मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच लांब शिलाई, खाली 8 इंच चिरा मोकळा. चौबगला घालायचा कंटाळा करू नका. तो बिनकामाचा वाटतो, पण चौबगल्याशिवाय हात वर केला की सगळी बाराबंदी वर येते आणि तिसऱ्यांदा वल्हं उचललं की बगल फाटते. मला विचारा.

बंद कसे लावायचे ह्यात लोक हमखास चुकतात. तेव्हा हिंदू जामा डाव्या बाजूला बांधायचे आणि मुसलमान उजव्या, चित्रं बघताना ही खूण उपयोगी पडते. म्हणजे आपला डावा पुढा आत जातो, त्याच्या कडेचे तीन बंद उजव्या शिलाईला आतून लावलेल्या तीन बंदांशी बांधायचे. त्यावर उजवा पुढा येतो आणि त्याचे तीन बंद डाव्या काखेखाली बाहेरून. झाले बारा. दौलतखानाच्या तांडेलाचा (होडीवरच्या म्होरक्याचा) वेश करायचा तर बाहेरची गाठ उजवीकडे घ्या, एवढाच फरक आणि जाणकाराला तो लगेच दिसतो. गाठ सरकती मारा, बुटाच्या लेसला मारतो तशी, मेलेली गाठ घामाने ओली झाली की सुटत नाही आणि मग अडचणीच्या वेळी पंचाईत.

पंचा, शेला, मुंडासं

पंचा गुडघ्याच्या वर राहील असा आखूड नेसा आणि कासोटा घट्ट खोचा. धोतर पायघोळ सोडून होडीत चढणारा खलाशी कधी कोणी बघितला नसेल. उत्तर कोकणात कोळी बांधव सुरका, म्हणजे त्यांचं कमरेचं वस्त्र, नेसतात, तुम्ही तिकडचे असाल आणि घरात कोणाला नेसवता येत असेल तर त्याच्याइतकं अस्सल काही नाही. घोडेस्वार व्हायचं असेल तर चोळणा, म्हणजे विजार, हवा, पण तो वेगळा विषय.

शेला लांबीत चार पदरी दुमडा, एकाला टोक धरायला सांगा आणि दुसरं टोक स्वतःच्या पोटाशी धरून गोल फिरत त्याच्याकडे जा, असा बांधला तरच घट्ट बसतो. एकट्याने बांधायचा तर टोक दाराच्या कडीला बांधा. हा शेला नुसता शोभेचा नाही, सगळा पोशाख त्यावर टिकून असतो आणि कंबर धरून ठेवतो, दिवसभर चाललात तर कळेल.

मुंडाशासाठी कापड किंचित ओलं करा, कोरडं सुती कापड घसरतं. एक टोक वीतभर मानेवर सोडून कपाळावरून पहिला वेढा सपाट घ्या. मग उरलेल्याला दोरीसारखा पीळ देत पुढचे वेढे आधीच्या वेढ्यावर थोडे तिरके, एक उजवीकडे चढता, एक डावीकडे, आणि शेवटचं टोक मागे आत खोचा. टाळू थोडा उघडा राहिला तरी चालतो. सुबक करायला जाऊ नका. कोल्हापुरी फेट्याचा तुरा आणि शेमला लग्नात छान दिसतो, पण डोलकाठीवर चढणाऱ्याच्या डोक्यावर तुरा कशाला?

बायकांचं

इथे आपल्या बायका पुरुषांपेक्षा खूप पुढे आहेत, कारण नऊवारी अजून घरात आहे. फक्त शिवलेली रेडिमेड 'पेशवाई' नऊवारी घेऊ नका, पायजम्यासारखी चढवायची ती. साधं सुती लुगडं घ्या, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, आधी कमरेला गाठ, मग पदर, मग निऱ्या, शेवटी काष्टा ओढून मागे खोचायचा, आणि कष्टकरी बाई असेल तर गुडघ्याच्या वर खेचून घ्यायचं. चोळी खणाची, पुढे गाठ मारायची, पाठीला हूक आणि फुग्याच्या बाह्या नकोत. पैठणी कपाटातच राहू दे, मासळीच्या बंदरावर पैठणी नेसून कोण येणार? दागिन्यात एखादी काळी पोत आणि काचेच्या बांगड्या पुरे, सोन्याचा मुलामा दिलेला ढीगभर साज घातला की पुन्हा तीच सरदारीण होते. आणि डोक्यात सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा. 19 फेब्रुवारीच्या सुमाराला वेंगुर्ल्याकडे सुरंगी फुललेली असते, तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला जयंती करत असाल तर शिमगाही लागलेला असतो, चाकरमानी आलेले असतात, माणसांची आणि फुलांची कमी नाही. प्लास्टिकचे गजरे कशाला घालायचे मग.

हत्यार, पाय आणि पाणी

खरी तलवार घेऊन मिरवायचं नाही. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलेली तलवार, खंजीर वगैरे हत्यारं शस्त्र कायद्याच्या यादीत येतात, आणि मिरवणुकीच्या परवानगीच्या वेळी पोलीस पहिला प्रश्न तोच विचारतात. सुताराकडून सागाच्या पट्टीची करून घ्या, ढाल पांगाऱ्याची, हलकी होते. मर्दानी खेळवाल्यांची गोष्ट वेगळी, ते उस्तादाच्या नजरेखाली रिंगण आखून खेळतात. खलाशाला तर तलवारीपेक्षा वल्हं, दोराचं वेटोळं, पाण्याचा भोपळा शोभतो. कमरेला आकडी लावून कोयता अडकवायची हौस असेल तर तोही लाकडी पात्याचा, गर्दीत पोरं असतात.

होडीवर अनवाणीच असतात म्हणून मी एकदा अनवाणी चाललो. डांबरावर. बाराच्या उन्हात. रस्त्यावर साध्या चामडी वहाणा घाला, गोंडे नसलेल्या, होडीत बसताना काढा.

किल्ल्यावर होडीने जाणार असाल तर लाइफ जॅकेट वेशावरून घालायचंच, फोटो बिघडतो म्हणून काढायचं नाही. त्या काळचा खलाशी पोहण्यात तरबेज होता, आपण नाही. शेल्याची लोंबती टोकं आत खोचा, इंजिनाच्या जवळ तर नक्कीच. आणि सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे पुरातत्त्व खात्याकडचे संरक्षित किल्ले, दहा-पंधरा जण वेशात जाऊन कार्यक्रम करणार असाल तर आधी लेखी विचारा. 2025 मध्ये हे तिन्ही किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा ऐनवेळी हुज्जत घालण्यापेक्षा महिनाभर आधी अर्ज दिलेला बरा.

6 जूनला राज्याभिषेक दिनाला रायगडावर जाणार असाल तर पावसाची तयारी ठेवा. निळा प्लास्टिकचा रेनकोट घातला की सगळी मेहनत पाण्यात. घोंगडीची खोळ करून घ्या, आणि गावात कोणी इरलं (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं विणलेलं छत्र) विणणारं उरलं असेल तर त्याच्याकडून एक इरलं करून घ्याच, अख्ख्या गडावर लोक तुमच्याचभोवती जमतील.

मोबाइल आणि गाडीची चावी कुठे ठेवायची हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, बाराबंदीला खिसा नसतो. शेल्याच्या दुसऱ्या वेढ्यात सुती बटवा दाबून ठेवा, पडत नाही. चष्मा लागत असेल तर बिनधास्त लावा, ठेचकाळून पडण्यापेक्षा बरा. घड्याळ मात्र काढा, आणि खोटी मिशी चिकटवू नका, घामाने ती पहिल्या अर्ध्या तासात ओठावरून तोंडात येते.

घरी आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्यात खळबळून काढा, खारं पाणी आणि घाम राहिला तर कापड कुजतं. साबण नको, रिठा चालेल. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चामडी चपलेवरही बुरशी चढते, तेव्हा वहाणा वेगळ्या, कपडे जुन्या सुती पातळात गुंडाळून, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा, आणि श्रावणात ऊन पडलं की एकदा बाहेर काढून वारा द्या. बंद तेव्हाच तपासा, एखादा तरी उसवलेला असतोच.